फाटकाबाहेरचा मजकूर

सिस्टरनी एका बोटानं अक्षरं हुडकत ‘दार उघड’ असं टाइप केलं आणि पडद्याकडे न बघता मान वळवून खोलीच्या खऱ्या दाराकडे बघितलं.

“तिकडे नाही गं आई. इथे बघ,” लेक म्हणाली.

पडद्यावर उत्तर उमटलं होतं. ‘दार उघडतं. बाहेर जिना आहे. जिन्यात दिवा नाही. धुराचा वास येतो.’

“आता काय करायचं?”

“ते मी सांगायचं नाही. तू जे लिहिशील ते तिथे घडतं.”

“मी म्हणेन तसं घडतं? या घरात?” सिस्टर म्हणाल्या, आणि चष्मा सारखा करून पुन्हा अक्षरं शोधू लागल्या.

त्यांच्या पाठीमागे पुस्तकांच्या कपाटाशी त्यांचा नवरा फडकं घेऊन उभा होता. प्रकाशन संस्थेत सगळे त्यांना मजकूरकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर जो चार ओळींचा मजकूर असतो तो लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्वतःचं पुस्तक एकही नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, आतलं लिहायला वेगळी माणसं लागतात. आत्ता ते कपाट पुसत होते, पण मघापासून त्यांच्या हातात एकच पुस्तक होतं.

खेळात चित्र नव्हतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. खेळणाऱ्यानं ‘जिन्यानं खाली जा’, ‘काडेपेटी घे’ असं काही लिहायचं, की खेळ पुढचं दृश्य सांगायचा. त्यामागची यंत्रणा लेकीनं बांधली होती आणि सगळी वर्णनं वडिलांकडून लिहून घेतली होती. मला एक घाणेरडं शहर हवंय बाबा, असं तिनं सांगितलं होतं, जिथून माणसाला कधी एकदा पळून जातो असं व्हावं. मजकूरकाका बाजारात भाव करायलाही लाजणारे. पण लिहायला बसले आणि चिमण्यांचा धूर, गढूळ पाण्याचे नळ, कोपऱ्याकोपऱ्यावर भुंकणारे कर्णे, कुपनावर मिळणारा पाव असं भराभर येत गेलं. आपल्या आत इतकी काजळी साठली होती हे त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं, आणि ते जरा घाबरलेही.

शहरातून बाहेर पडायचा एकच रस्ता होता. चौकीवर जायचं आणि एका शेजाऱ्याचं नाव द्यायचं. त्या शेजाऱ्याला गस्तवाले घेऊन जाणार, मग पूर्वेचं फाटक तुमच्यासाठी उघडणार. ही कल्पनाही मजकूरकाकांचीच. लेक ती ऐकून खुर्चीवरून उठली होती आणि म्हणाली होती, बाबा, हे भारी आहे. आयुष्यात त्यांच्या कुठल्याच ओळीला कुणी भारी म्हटलं नव्हतं. त्यांनी ती कल्पना पुन्हा तपासलीसुद्धा नाही.

अडचण शेजारणीची झाली. खेळात एकच शेजारीण होती, तिसऱ्या मजल्यावर शेगडीपाशी खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी. तिनं सुरुवातीला खेळणाऱ्याला काडेपेटी आणि अर्धा पाव द्यायचा, एवढंच तिचं काम. लेकीनं चार ओळी मागितल्या होत्या, काकांनी तीन पानं दिली. माणसं रचायची कशी हे त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी घरात ऐकू येत होतं तेच उचललं होतं. लेकीनं ती पानं दोनदा वाचली आणि म्हणाली, “बाबा, ही आई आहे.”

“छे. कुठल्या कुठे,” काका म्हणाले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

लेकीनं नोकरी सोडून हा खेळ बांधायला घेतला होता. असे अक्षरांचे खेळ जमवणारी एक मंडळी होती. त्यांच्या यंदाच्या प्रदर्शनात तो घ्यायचा तर आज संध्याकाळपर्यंत पाठवायला हवा होता, आणि सोबत एक पुरावा हवा होता. खेळ बनवण्यात ज्याचा हात नाही अशा एका माणसानं तो कुणाच्याही मदतीशिवाय शेवटपर्यंत खेळल्याची नोंद. घरचं माणूसही चालणार होतं. तिची मैत्रीण खेळली, मैत्रिणीचा भाऊ खेळला, जुन्या ऑफिसातली एक जण खेळली. तिघंही चौकीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. म्हातारीचं नाव काही कुणाकडून लिहवेना. मैत्रिणीच्या भावानं तर चौकीतल्या कारकुनालाच चार शिव्या टाइप केल्या आणि संगणक बंद केला.

दोष आपला आहे याबद्दल मजकूरकाकांना शंका नव्हती. बाई प्रमाणाबाहेर जिवंत झाली होती. तिला जरा नकोशी करून बघू, म्हणून त्यांनी तिच्या तोंडी टोमणे घातले, तिला खडूस केलं, कुरकुरी केलं. लेकीनं वाचलं आणि डोक्याला हात लावला. म्हातारी आणखीच आवडायला लागली होती.

आज सकाळी यायचा होता त्या चौथ्या माणसाला ताप भरला. लेकीनं फोन ठेवला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आईला हाक मारली. आज खेळ संपला नाही तर पहिल्या तारखेला मी जुन्या नोकरीवर परत जाते, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. ओल्या हातांनी सिस्टर बाहेर आल्या होत्या. मला खेळबिळ येत नाही, पण बस म्हणालीस तर बसते, असं त्यांचं उत्तर.

सिस्टरनी नवऱ्याचं लिखाण कधी वाचलं नव्हतं. तेवढा वेळच नव्हता. उभं आयुष्य त्यांनी इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलं होतं. आत काय आहे ते वाचायला सवड नाही, बाहेरचं कुठे वाचत बसू, असं त्या मलपृष्ठांबद्दल म्हणत, आणि काकांना ते नेहमी रास्तच वाटे. त्या आज पहिल्यांदाच त्यांची वाचक होऊन बसल्या होत्या. आणि खेळ संपवायचा असेल तर त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईला धरून द्यावं लागणार होतं. नाही दिलं तर लेकीचा खेळ गेला. दिलं, तर त्या आधी तिला ओळखणार आणि मग वळून नवऱ्याकडे बघणार. त्या बघण्याला आपण काय उत्तर देणार, हे मजकूरकाकांना सकाळपासून सुचत नव्हतं. कपाट पुसून संपायच्या आत सुचेल असंही वाटत नव्हतं.

सिस्टर जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. म्हातारी भेटली. ‘शेगडीपाशी एक म्हातारी बसली आहे. ती म्हणते, खाल्लंस का असं विचारत नाही, तोंडावर दिसतंय.’

सिस्टरचं बोट कीबोर्डावर थांबलं.

लेक आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून ती सकाळपासून तशीच बसत होती. तिनं आईकडे बघितलं नाही. काकांनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि तेच परत काढलं.

‘म्हातारीशी बोल,’ सिस्टरनी टाइप केलं.

‘ती म्हणते, जिना ओला आहे. भिंतीच्या बाजूनं उतर. पडलास तर मी काही खाली यायची नाही.’

पुन्हा ‘म्हातारीशी बोल.’

‘ती म्हणते, कर्णे काय बोलतात ते ऐकू नकोस. तोंड धुतलंस का ते सांग.’

सिस्टरनी चष्म्यावरून मागे बघितलं. काका कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणाशी वाकले.

“ही बाई फार बोलते,” सिस्टर म्हणाल्या.

“कमी करायला हवं का?” काकांनी खालूनच विचारलं.

“मी कुठे काय म्हटलं?”

त्यांनी काडेपेटी घेतली, पाव घेतला. शहरात हिंडायला लागल्या तेव्हा त्यांचं वेगळंच चाललं होतं. बाकीचे खेळाडू चौकाचौकातून धावत पुढे गेले होते, सिस्टर सगळीकडे चौकशी करत होत्या. नळाचं पाणी उकळता येईल का, असं त्यांनी खेळाला विचारलं. पुलाखाली खोकणाऱ्या माणसाची छाती तपासायचा प्रयत्न केला. ‘ते इथे करता येत नाही,’ असं खेळ दर वेळी सांगे आणि सिस्टर दर वेळी, काही सोय नाही बाई इथे, असं पुटपुटत. एकदा त्यांनी कचराकुंडी उलथून बघितली आणि त्यात खरोखरच एक किल्ली सापडली. लेकीला हसू आवरेना. ती किल्ली कुणाला सापडायची तिनं आशाच सोडली होती.

अशा रमतगमत त्या चौकीवर पोचल्या. खिडकीच्या बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

‘काचेमागे कारकून बसला आहे. तो वर न बघता म्हणतो, नाव सांगा. ज्याचं सांगाल त्याला घेऊन जाऊ. मग फाटक उघडेल.’

सिस्टरनी हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते.

“कुणाचं नाव सांगायचं?”

लेकीनं फक्त मान हलवली. सांगता येत नाही.

सिस्टरनी आधी ‘मी’ असं लिहिलं. कारकून म्हणाला, स्वतःचं चालत नाही. मग त्यांनी ‘कारकून’ असं लिहिलं. कारकून म्हणाला, इथे विनोद करायला बंदी आहे. ती ओळ काकांनी एका संध्याकाळी स्वतःशी हसत लिहिली होती. आज त्यांना ती अगदीच पोरकट वाटली. सिस्टरनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘नवरा.’

‘असं कोणी या शहरात राहत नाही.’

“बघा,” सिस्टर मागे न बघता म्हणाल्या. “तुम्ही सुटलात.”

काका हसले नाहीत. आता एकच नाव उरलं होतं हे खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. सिस्टर पाठीला टेकून बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, परत घातला. लेकीची नजर घड्याळाकडे गेली आणि तिनं ती लगेच काढून घेतली. काकांच्या मनात आलं, आत्ता पुढे व्हावं आणि सरळ सांगावं, लिही म्हातारीचं नाव, लेकीसाठी लिही, ती तू नाहीस, मी तिला खडूस केलंय, ओळखू येणार नाही अशी केलीय. ते एक पाऊल पुढे आलेही. पण तिथेच थांबून ते हातातल्या फडक्याची घडी करत राहिले.

सिस्टर पुढे वाकल्या. टक, टक, टक. एकेक अक्षर.

‘मागे फिर.’

कारकून काही म्हणाला, त्यांनी वाचलंसुद्धा नाही. चौक, पूल, नळ, सगळं उलट्या वाटेनं करत त्या परत जिन्याशी आल्या आणि तिसऱ्या मजल्यावर चढल्या. लेकीनं हळूच श्वास सोडला. तो श्वास काकांना ओळखीचा होता. आधीचे तिघे थांबले तेव्हाही तिनं असाच सोडला होता.

‘म्हातारीला माझ्याबरोबर चल म्हण.’

‘ती म्हणते, माझे गुडघे कुठले येतात आता. तू हो पुढे.’

“गुडघे येत नाहीत म्हणे,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. काकांनी हा आवाज फार वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता, डबा द्यायला वॉर्डात गेले होते तेव्हा. “वॉर्डात चालायला उठवलं की प्रत्येक जण हेच म्हणायचा. तुम्ही व्हा पुढे सिस्टर, मी राहतो इथेच. म्हणून काय ठेवून यायचं?”

त्यांनी पदर कमरेला खोचला, जणू बोटानं टाइप करायला ते लागतं, आणि लिहिलं, ‘म्हातारीला उचल.’

‘उचललं.’

लेकीचे हात मांडीखालून बाहेर आले.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. थांबा,” लेक म्हणाली, आणि खुर्चीच्या कडेवर सरकून बसली.

सिस्टरना यात विशेष काही वाटलं नाही. त्यांना मघाशी सांगितलं होतं, आपल्यापाशी काय काय आहे ते विचारता येतं म्हणून. त्यांनी विचारलं.

‘तुमच्याजवळ आहे: काडेपेटी, अर्धा पाव, किल्ली, म्हातारी.’

लेक तोंडावर हात दाबून हसायला लागली, आणि हसता हसता तिनं वडिलांना कुजबुजत समजावलं. खेळात माणसं वेगळी नोंदवायची असतात आणि वस्तू वेगळ्या. माणसाला उचलता येत नाही. पण म्हातारी एका जागेवरून हलतच नाही, तेव्हा कशाला तो व्याप, म्हणून तिनं तिला किटलीसारखी वस्तू म्हणून नोंदवली होती. शेगडी जड आहे, उचलता येत नाही, असं आठवणीनं लिहिलं. खुर्चीचंही लिहिलं. म्हातारीचं लिहायचं राहून गेलं.

“मग आता?” काकांनीही कुजबुजतच विचारलं.

“आता काय. फाटक उघडायचं नाही. तिनं नाव दिलेलं नाही.”

सिस्टरनी पाव म्हातारीला दिला. खेळानं तो दिला असं सांगितलं. मग त्या जिन्याकडे वळल्या. काका कपाट सोडून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पडद्यावर त्यांचीच वाक्यं येत होती, शब्दही इकडचा तिकडे झालेला नव्हता. ‘पायऱ्या ओल्या आहेत. अंधारात पाऊल चाचपत टाकावं लागतं.’ हे त्यांनी भीती वाटावी म्हणून लिहिलं होतं. आता वाचताना वाटत होतं, हो, पाठीवर माणूस असल्यावर चाचपतच टाकणार. ‘पुलाखालचा माणूस तुमच्याकडे बघत राहतो.’ बघणारच. चौकात गस्त उभी होती, आणि तिथे काकांनी सिस्टरच्या खुर्चीची पाठ धरली.

‘गस्तवाले तुमच्याकडे बघतात. तुमच्या हातात शस्त्र नाही. ते मान फिरवतात.’

हे वाक्य त्यांनी कोरडं, सरकारी, थंड असं मुद्दाम घडवलं होतं. ते आत्ता थंड राहिलं नाही. ओझ्यानं वाकलेल्या एका माणसाकडे बघून गस्तवाल्यांनी मान फिरवली होती, आणि का फिरवली ते वाक्यात कुठेच नव्हतं. काकांनी ते परत वाचायचा प्रयत्न केला, पण सिस्टरनी तोवर ‘पूर्वेला जा’ लिहून टाकलं होतं.

‘तुम्ही फाटकापाशी आहात. पहारेकरी हात आडवा करतो.’

“इथेच अडकणार,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठून उभी राहिली, बहुधा आईच्या खांद्यावर हात ठेवायला.

सिस्टरनी लिहिलं, ‘फाटक उघड.’

‘पहारेकरी फोन फिरवतो. तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, असं त्याला पलीकडून सांगतात. तो फाटक उघडतो.’

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

मग लेक परत खाली बसली. तिनं कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. काकांना क्षणभर वाटलं रडते आहे. पण ती हसत टेबलाशीच बोलत होती. अहो, खेळणाऱ्यानं नाव दिलं की नाही हे मी तपासतच नव्हते. म्हातारी खोलीत आहे की नाही, एवढंच तपासत होते. नाव दिलं की तिला नेतात, नेलं की खोली रिकामी, खोली रिकामी की फाटक उघडायचं. सोपं पडतं म्हणून तसं लिहिलं. मला वाटलं खोली दुसऱ्या कशानं रिकामी होणारच नाही.

“मग चुकलं का माझं?” सिस्टरनी विचारलं.

“नाही गं आई.”

“खेळ संपला ना?”

“संपला. तू संपवलास.”

“मग डोकं वर कर. लागेल कपाळाला.”

पडद्यावर अजून एक ओळ यायची बाकी होती. काकांना ती पाठ होती, आणि ती आता येणार हे त्यांच्या लक्षात आलं. ती लिहायला त्यांना सगळ्यात जास्त दिवस लागले होते. सिस्टरनी एक कळ दाबली.

‘तुम्ही बाहेर आहात. तुमच्याबरोबर कोणी नाही.’

सिस्टरनी ओळ वाचली आणि पडद्यावर बोट ठेवलं, औषधाच्या बाटलीवरचं नाव चुकलं असेल तर ठेवतात तसं.

“हे चूक आहे.”

“हो,” मजकूरकाका म्हणाले. “चूक आहे.”

आपल्या लिखाणातली चूक कुणी दाखवली की त्यांना दोन दिवस जेवण जात नसे. मलपृष्ठावर एक विशेषण जास्त झालं तरी ते रस्ता बदलून घरी यायचे. आज या सगळ्यांत महत्त्वाच्या ओळीत सरळसरळ खोटं छापलेलं होतं, आणि त्यांना छातीवरून कुणीतरी पोतं उचलल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा म्हटलं, “अगदीच चूक आहे,” आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

सिस्टरनी खुर्ची मागे सरकवली आणि मनगट चोळत उठल्या. दाराशी पोचल्यावर थांबल्या.

“माझे गुडघे इतके काही वाईट नाहीत,” त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. सकाळपासून ज्या बघण्याची त्यांना धास्ती होती ते आत्ता आलं होतं, आणि ते त्यांनी घडी केलेल्या फडक्याकडे पाहत, कानांनीच ऐकून घेतलं. त्यात तक्रार होती, पण गुडघ्यांपुरतीच.

“बदलतो,” ते म्हणाले.

“नका बदलू. ती म्हातारी आहे, मी नाही. मी आपलं सांगितलं.” आणि त्या तोंड धुवायला आत गेल्या.

लेक कामाला लागली होती. आईचा खेळ नोंदवला गेला होता, तो तिनं वेगळा ठेवला. कारकुनाकडे नाव देऊन बाहेर पडायचा रस्ता काढून टाकू का, असं तिनं विचारलं. काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, असू दे. शहर आहे, तिथे तो रस्ता असणारच. फक्त तो एकटाच नको. मग म्हातारीला आता नीट माणूस करते, लेक म्हणाली, पण उचलता येणारं माणूस. तिनं भराभर काही बदललं आणि खुर्ची वडिलांसाठी रिकामी केली.

“बाहेरचं लिहा बाबा. दोघी बाहेर आल्या तर काय दिसतं ते. अर्धा तास आहे.”

मजकूरकाका बसले. कीबोर्ड अजून सिस्टरच्या हाताचा कोमट होता, किंवा त्यांना तसं वाटलं. बाहेर काय आहे याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. शहराचा प्रत्येक नळ त्यांना ठाऊक होता. फाटकाच्या पलीकडे मात्र त्यांच्या डोक्यात नुसता कागद होता. नेहमीसारखं त्यांना वाटलं की आपल्याला हे जमायचं नाही, हे आतलं लिहिणाऱ्यांचं काम. त्यांनी ‘रस्ता’ असं लिहिलं, खोडलं. ‘माळ’ असं लिहिलं, तेही खोडलं. मग माणूस दुसऱ्याला उचलून इतकं चालून आल्यावर त्याला आधी काय लागेल, असा साधा विचार केला.

‘बाहेर एक बाक आहे,’ त्यांनी लिहिलं.

लेक त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. “बाक नोंदवावं लागेल. दोघींना बसता येईल एवढं करू?”

काका उत्तर द्यायच्या आत आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“लांब ठेवा,” सिस्टर आतूनच म्हणाल्या. “मागून येतील ती माणसं कुठे बसणार?”

काकांनी वाक्याच्या मध्ये परत जाऊन ‘एक’च्या पुढे ‘लांब’ असा शब्द घातला, आणि त्याखाली पुढची ओळ लिहायला सुरुवात केली.